रिकामा फ्लॅश

"काकू, आला बरं का पेनड्राईव्ह!"

आमच्या हिनं एवढं म्हणायचा अवकाश, पलीकडं कुरडया उलट्या करत बसलेल्या काकू पदराला हात पुसत भिंतीशी हजर. दोन घरांमधली ही भिंत छातीएवढी. बायकांना बोलायला सोयीची आणि माणसांना ऐकायला. मी ओसरीवर पेपर धरून बसलो होतो.

"सगळे फोटो निघाले?"

"सगळे. पहिल्या कार्डातलेसुद्धा. मी तर आशाच सोडली होती."

गेल्या आठवड्यात आमच्या आईचं सहस्रचंद्रदर्शन झालं. माणूस ऐंशी वर्षं नि वर काही महिन्यांचं झालं की हजार पौर्णिमा भरतात, असा हिशेब. मे महिना, शाळांना सुट्ट्या, म्हणून पुण्याचे, नांदेडचे, लातूरचे सगळे आले. तुला झाली, ओवाळणं झालं, जेवणं झाली. काकूही होत्या. पण फोटोची वेळ आली तशा "घरचा फोटो, मधे आमचं काय काम" म्हणून उठून गेल्या. गेल्या म्हणजे भिंतीपर्यंत गेल्या.

"सुरुवातीलाच मला शंका आलती," काकू म्हणाल्या. "मोठे छत्रीचे लाईट लावले, धाडधाड फोटो मारले, अन् फोटोवालं पोरगं मागच्या स्क्रीनकडं बघून गप्प. मग कॅमेरा उलटापालटा करायलंय."

"गप्प होणार नाई तर काय! खाली बसलेली लेकरं निस्ती काळी. मागच्या रांगेतले जावई लख्ख, अन् पुढं डांबराचा पट्टा. धाकट्या जाऊबाई म्हणल्या, माझीच लेकरं बरी काळी आली!"

"कोणीतरी चाक फिरवलं असंल."

"त्यांच्याच लेकानं! पण बोलायचं कोणी?"

इथं काकूंबद्दल सांगायला हवं. त्यांचे यजमान फोटोग्राफर. काका जाऊन बरीच वर्षं झाली, पण डार्करूममधलं निम्मं काम काकूंनीच केलेलं. त्यामुळं त्यांची मतं ऐकीव नसतात.

"अगं, शटरला दोन पडदे असतात," भिंतीवर दोन्ही तळवे सरकवत काकू सांगू लागल्या. "एक उघडत जातो, दुसरा मागून झाकत येतो. वेगाचं चाक दोनशेच्या आत असलं तर मधी एक क्षण सगळी चौकट उघडी राहती, अन् तेवढ्यात फ्लॅश पडतो. हजारावर नेलं की नुस्ती फट सरकती. फटीपुरता उजेड, बाकी काळं. आमच्या वेळच्या कॅमेऱ्यात तर साठाच्या पुढं जायची सोय नव्हती. ह्यांनी त्या आकड्यावर लाल टिकलीच लावलती."

"त्यानं ते लगेच दुरुस्त केलं की. तर लाईट गेली."

लाईट गेली, छत्र्या विझल्या. हिनं इन्व्हर्टर सुचवला. पोरानं हात जोडले. एवढा झटका त्याला झेपायचा नाही, दोन्ही जातील म्हणाला. मग कॅमेऱ्यावर सेलचा फ्लॅश चढवला. आत माजघरात पंखे बंद, तीस-पस्तीस माणसं, बाहेर 43 अंश. पंधरावीस फोटो निघाले नि फ्लॅशही बसला. बिघडला नव्हता, आतून तापला की ते यंत्र जळू नये म्हणून आपणच थांबतं, आणि निवेपर्यंत कोणाच्या बापाचं ऐकत नाही. माणसांना अशी सोय नाही. लातूरचे मेहुणे शेरवानीत होते.

"अन् वर ते कार्ड," ही म्हणाली. "स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी आलं. पोरगं पांढरं पडलं. आमचे धाकटे भाऊजी म्हणले, बनी तो बनी, नही तो परभणी!"

"अशा वेळी असं बोलत असतेत का?"

"त्यायला कुठं कळतंय."

मला विचाराल तर त्या पोरानं त्या क्षणी जे केलं त्याला शंभर मार्क. कार्ड काढलं, कागदात गुंडाळलं, वरच्या खिशात ठेवून चेन लावली. पुन्हा घालून बघणं नाही, 'फॉरमॅट करू का' असं कॅमेरा विचारतोय त्याला हो म्हणणं नाही. पुण्याचा आमचा पुतण्या संगणकातला, त्याचं तोंड सारखं चालू होतं, "एकदा घालून तर बघा." पण कार्ड बिघडलं तरी फोटो बहुतेक वेळा आत असतात. तलाठ्याच्या दप्तरातली नोंद फाटली म्हणून रान कुठं जात नाही, तसं. मात्र त्यावर एक जरी नवा फोटो काढला, तर तो जुन्याच्या जागेवर जाऊन बसू शकतो, आणि मग ब्रह्मदेवालाही काही करता येत नाही.

"दुसरं कार्ड घातलं तर ते म्हणे लॉक!"

"बाजूला बारीक खिट्टी असती त्याला."

"आईंनी केसातला आकडा काढून दिला, तेव्हा सरकली ती. पण काकू, ह्या सगळ्यात तो फोटो काढतच होता की! इकडं बघा, हसा, खटक. इकडं बघा, खटक."

काकू हसायला लागल्या. हसता हसता खोकला आला. "अगं, तेव्हा कॅमेऱ्यात कार्डच नव्हतं! इथून दिसत होतं ना मला. झाकण उघडं, अन् पोरगं बटण दाबायलंय."

"अगोबाई!"

"रिकामं मारत होतं. माणसं उठू नयेत म्हणून. एकदा उठली की बाप्ये पान खायला जातेत, लेकरं नळावर, अन् जावई गाडीत एसी लावून बसतेत. पुन्हा गोळा करायला रात्र." मग आवाज खाली आणून, "आमचे हे लग्नात तेच करायचे. छत्तीसचा रोल, अन् स्टेजवर निम्मं गाव. व्याह्यांचा मान तर राहिला पाहिजे. म्हणून रोल वाचवून नुस्ता फ्लॅश मारायचा. लोक खूश. अल्बम आल्यावर कोणी विचारलं की, तुमचे डोळे मिटले होते म्हणून धुतला नाही, असं सांगायचं."

मी पेपर खाली केला. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये माझे दोन्ही मामा नाहीत, आणि आमच्या लग्नाचे फोटो काकांनी काढलेले. हिच्याही ध्यानात ते आलं असावं, कारण ती क्षणभर थांबली. पण मामा माझे. तिनं विषय पुढं नेला.

"त्यायचा कधी झाला का असा घोटाळा?"

"झाला ना. गंगाखेडला. रोलची जीभ दातऱ्यात अडकलीच नव्हती. वरून आकडा पुढं सरकायचा, आत फिल्म जागच्या जागी. रोल चढवला की डावीकडची गुंडाळायची किल्ली फिरायलीय का तेवढं बघायचं असतं. गडबडीत राहिलं. सप्तपदी, कन्यादान, सगळं हवेत."

"मग?"

"मुलीच्या बापाला बाजूला घेतलं अन् खरं सांगितलं. मुलीला नाई, आईला तर नाईच नाई. बाप शहाणा. दुसऱ्या दिवशी भटजीला पुन्हा बोलावलं, नवरानवरी पुन्हा उभी केली. अक्षता मी अन् वरमाईनं टाकल्या. त्या फोटोत नवरी इतकी हसरी आलीय की बास. आदल्या दिवशी रडून झालं होतं ना."

आमच्याकडं मात्र फ्लॅश निवेना आणि लाईट येईना. शेवटी भिंतीवरूनच काकूंची आरोळी आली, "अरे बाबा, बाहेर काढ सगळ्यायला!" साडेपाच झाले असतील. ऊन पश्चिमेला, म्हणून पूर्वेकडच्या अंगणात घराची लांब सावली. काकूंनी पडवीच्या पायरीवर आईची खुर्ची मांडायला लावली, सगळ्यांची तोंडं उघड्या आकाशाकडं. पायात गोळा झालेला अंधार घालवायला पांढरी चादर. दोन सुना ती चादर उन्हाच्या कडेला ताणून उभ्या राहिल्या आणि उजेड आईच्या हनुवटीखाली आला. सुरकुत्या मऊ झाल्या. पोरगं म्हणालं, "आजी, तुम्ही क्लास घ्या."

"ते काय माझं आहे व्हय?" काकू आता म्हणाल्या. "'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा फाळक्यांच्या सरस्वतीबाई अशाच पांढऱ्या चादरी धरून उन्हात उभ्या राहायच्या. 1913 सालचा पिक्चर. वर सगळ्या माणसांचा स्वयंपाक, अन् रात्री फिल्मला भोकं पाडायची. फाळके स्वतः आधी बडोद्याला फोटोचं दुकान टाकून बसलते. चाललं नाही. कॅमेरा जीव ओढून घेतो म्हणून लोक भ्यायचे."

"आमच्या आई जीवाला नाई भ्यायल्या. त्या पोरानं मान सरळ करायला हनुवटीला हात लावला, तर म्हणल्या, लांबून सांग."

"बरोबर आहे त्यायचं. निजामाच्या काळात लाला दीनदयाळांनी हैदराबादेत पडद्यातल्या बायांसाठी वेगळा स्टुडिओच काढलता, 1892 साली. आत फोटो काढायला मडम. आपण तेव्हा त्याच राज्यात."

"म्हणजे आईंच्या आजीनं काढला असंल?"

"सोनपेठहून हैदराबादला जाऊन? बैलगाडीत नथ पडली असती." काकूंनी विषय संपवला. "दाखव ते फोटो."

पहिल्या कार्डातलं सगळं त्या पोरानं संगणकावर उकरून काढलं. त्यासाठी फुकटातलं सॉफ्टवेअर मिळतं. फोटो येतात पण फायलींची नावं पुसून, नुसते लांबलचक आकडे. त्यामुळं बघताच क्रम लागत नाही. पोरानं तो लावायच्या भानगडीत न पडता सगळंच पेनड्राईव्हवर ओतून दिलं, आणि आमच्या चिरंजीवांनी ते हिच्या मोबाईलमध्ये.

"हे बघा, लेकरं काळी. हे बघा, शेरवानी. हा चादरीचा... हा आईंचा किती चांगला आलाय, हाच फ्रेम करायचा."

"जाऊबाईनं तोंड फुगवलंय."

"सगळ्या फोटोत. मोठ्या जाऊबाई खुर्चीच्या उजव्या हाताला उभ्या राहिल्या ना. अन् हे... हे कोण?"

"आण बरं इकडं."

"हे आपल्याकडचं नाई. हार घातलेत. साखरपुडा दिसायलाय कोणाचा तरी."

असं होतं. कार्ड फॉरमॅट करून पुन्हा वापरलेलं असतं. मागच्या कार्यक्रमाचे जे फोटो अजून झाकले गेले नसतील ते आपल्याबरोबर वर येतात. पोरानं निवडून द्यायला हवं होतं. लोकांच्या घरचं आपल्या घरी येणं बरं नव्हे, असं मी म्हणणारही होतो.

"हा पोरगा ओळखीचा वाटायलाय," काकू म्हणाल्या. "पाथरीला आपल्या त्या ह्यांच्या... अगं, मागच्या महिन्यात तर त्याच्यासाठी स्थळ बघा म्हणून मला फोन आलता!"

"मग हा साखरपुडा कधी झाला?"

"तेच की! मोठं कर. नाई, मुलीकडचं मोठं कर. थांब, चष्मा आणते."

आणि पेपरवाल्याकडं वळून ही म्हणाली, "तुम्ही उगं ऐकत बसू नका. कुरडयांवर कावळे बसायलेत, तेवढे हाकला."