हेड किती, पाणी किती

२०१८ साली अधिक महिना ज्येष्ठात आला, म्हणजे ऐन मे-जूनमध्ये. धोंड्याचा महिना म्हणून लेक-जावई पुण्याहून यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या घाटंजीला आले. या महिन्यात द्यायचं ते सासऱ्याने आणि घ्यायचं ते जावयाने, अशी रीत. आमच्याकडे ती थोडी उलटी झाली. तेहतीस अनारसे आणि चांदीचं निरांजन पिशवीत भरताना जावईबापूंनी त्याच पिशवीतून एक खोकं बाहेर काढलं. "बाबा, हा माझा जुना हेडफोन. मी दुसरा घेतला. तुम्ही आता निवांत गाणी ऐका."

खोक्यातून जे निघालं ते हेडफोन कमी आणि वासराच्या मानेला बेतलेलं जू जास्त वाटत होतं. वजन ३७० ग्रॅम. चार-सहा लिंबं डोक्यावर ठेवून भीमसेन ऐकावा, तसं. दोन्ही बाजूंना मोठाल्या गोल वाट्या आणि त्यांना बाहेरून जाळी. मी तो मोबाइलला लावला आणि वसंतराव देशपांडे सुरू केले. वसंतराव मूर्तिजापूरचे, म्हणजे यवतमाळहून शकुंतला रेल्वे जिथवर जायची तिथले. त्या अर्थाने आमच्या रुळावरचे. पण त्या दिवशी ते वाघाडी नदीच्या पलीकडच्या काठावर बसून गात असावेत असं वाटलं. आवाज पूर्ण वाढवला, तरी नदी काही ओलांडेनात.

"याला अँप लागेल बाबा," जावईबापू म्हणाले. "प्लेनर मॅग्नेटिक आहे ना."

"मग टाकून द्या की मोबाइलमध्ये," आतून सौ. म्हणाली. "फुकटच असतं म्हणे अॅप."

अॅप आणि अँप यांच्यातला अनुस्वार तिला समजावता समजावता त्यांच्या गाडीची वेळ झाली. जाता जाता ते सांगून गेले की हायफायमन कंपनीचा हा एचई-४००आय, रोध ३५ ओहम, संवेदनशीलता ९३ डेसिबल, बाकी तुम्ही बघालच. जावई अनारसे घेऊन गेले आणि मी आकडे घेऊन बसलो.

घाटंजीत अँप्लिफायर हा शब्द कुणाला नवा नाही. फक्त त्याला इथे 'मशीन' म्हणतात. लग्नात, भागवत सप्ताहात, पोळ्याला, निवडणुकीत मशीन लागतं आणि ते बहुधा आहुजाचं असतं. त्याची विचारपूस वॅटने होते. अडीचशे वॅट म्हणजे घरगुती बारसं. पाचशेपासून पुढे माणसं जरा आदराने बोलायला लागतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. तिथले भाऊ पाणबुडी मोटारीही भरतात आणि बंद पडलेली मशीनंही दुरुस्त करतात. मी त्यांच्याकडे गेलो.

"भाऊ, एक मशीन पाहिजे."

"घ्या ना गुर्जी. कार्यक्रम काय हाये?"

"कार्यक्रम नाही. मला एकट्यालाच ऐकायचंय."

"किती वॅटाचं?"

मी रात्री कागदावर हिशेब मांडला होता. एक मिलीवॅट दिला की हा हेडफोन ९३ डेसिबल वाजतो. गाण्यातली सम, तबल्याची थाप वगैरे अचानक उसळतात तेव्हा ११० पर्यंत जागा असावी. वरचे सतरा डेसिबल म्हणजे पन्नासपट वीज. "पन्नास मिलीवॅट," मी म्हणालो.

भाऊंनी हातातली तांब्याची तार खाली ठेवली. "मिली म्हणजे?"

"हजारावा भाग."

"गुर्जी, तुमाले ऐकू कमी येते का मले हिशेब कमी येते, काही समजून नाही रायलं. पन्नास मिली तर खोकल्याचं औषध असते."

हसून झाल्यावर मात्र त्यांनी जो प्रश्न विचारला, तो मला पुण्याच्या जावयानेही विचारला नव्हता. "हेड किती अन् पाणी किती?"

ज्यांच्या शेतात विहीर नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोटार घ्यायला गेलं की दुकानदार आधी हॉर्सपॉवर विचारत नाही. पाणी किती उंच चढवायचं आहे, त्याला हेड म्हणतात, आणि वर आल्यावर धार केवढी पाहिजे, हे तो विचारतो. तीनशे फूट खोल बोअरला एकावर एक पंखे रचलेली बारीक पाणबुडी लागते. ती पाणी खूप वर चढवते, पण धार बेताची. वीस-पंचवीस फुटांच्या विहिरीला मोनोब्लॉक बसवतात, तो उंच काही चढवत नाही पण पाट भरून वाहवतो. दोन्ही मोटारी पाच हॉर्सपॉवरच्याच असू शकतात. एकीच्या जागी दुसरी बसवली तर मात्र घरधन्याचं आणि दुकानदाराचं बोलणं बंद होतं.

विजेतही अगदी हेच. व्होल्ट म्हणजे हेड आणि अँपिअर म्हणजे पाणी. सेनहायझरचे ३०० ओहमचे जुने नावाजलेले हेडफोन हे बोअर. तेवढ्याच मोठ्या आवाजाला त्यांना अडीच व्होल्ट लागतात, पण पाणी जेमतेम आठ मिलीअँपिअर. माझी विहीर उथळ होती. सव्वा-दीड व्होल्टात काम भागतं, पण पाणी चाळीसेक मिलीअँपिअर पाहिजे. मोबाइल हा बिचारा हातपंप. त्याच्यावर घागर भरते, ओलित होत नाही.

एवढं पाणी पितो तरी कशाला हा, असं भाऊंनी विचारलं. साध्या हेडफोनमध्ये लाउडस्पीकरसारखाच एक छोटा कोन असतो. मध्यभागी तारेचं वेटोळं, ते चुंबकाच्या अरुंद फटीत घट्ट बसलेलं, त्यामुळे थोड्या विजेत जोराचा धक्का बसतो. प्लेनरमध्ये कोनच नाही. अतिशय पातळ पडदा ताणून बसवलेला, आणि त्याच्यावर गोधडीवर धावदोरा घालावा तशी या टोकापासून त्या टोकापर्यंत तार फिरवलेली. समोर चुंबकांच्या पट्ट्या. चुंबकशक्ती एका फटीत गोळा न होता सगळ्या पडद्यावर पसरते, म्हणून ती विरळ पडते आणि विजेची भूक वाढते. पण पडदा सगळा एकदम हलतो, मध्ये ढकलला आणि कडेला लोंबला असं होत नाही.

भाऊ म्हणाले, "म्हणजे खंजिरी."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या मुलखात खंजिरी घरोघर असते. ताणलेलं कातडं, हलकं, बोट पडताच बोलणारं आणि बोट उचलताच गप्प होणारं. प्लेनरचे भक्त ज्या गुणासाठी इतके पैसे घालतात तो गुण याहून नेमका मला सांगता आला नसता.

हे तंत्र आजकालचं नाही, हे मला नंतर कळलं. जपानच्या यामाहाने १९७६ साली असा हेडफोन बाजारात आणला होता. त्या काळी आम्ही नागपूर केंद्र लागावं म्हणून रेडिओच्या एरियलची तार कवेलूंवर ओढत होतो. पुढे ही जात बरीच वर्षं मागे पडली आणि अलीकडे पुन्हा वर आली. त्यात हायफायमननेच काढलेला एचई-६ नावाचा एक महाभाग आहे. रोध ५० ओहम, संवेदनशीलता ८३.५ डेसिबल. माझ्या हेडफोनपेक्षा जवळजवळ दहा डेसिबल कमी, म्हणजे तेवढ्याच आवाजाला साधारण दहापट वीज. त्याला हेडफोनचे अँप पुरेनात, म्हणून जगभरच्या शौकिनांनी तो सरळ लाउडस्पीकरच्या अँप्लिफायरला जोडला. हे भाऊंना सांगितलं तेव्हा ते आहुजाच्या मशीनकडे वळले. "मंग आपण बी लावून पाहू." मी हेडफोन पाठीमागे लपवला.

अँप निवडायला बसलो तर त्याचाही एक बाजार निघाला. कुणी व्हॉल्व्हचे अँप घ्या म्हणतो, आवाज 'उबदार' होतो. ४४ डिग्रीत बसलेल्या माणसाला ऊब विकायला निघालेल्यांचं कौतुक वाटलं. शिवाय त्यातले बरेच बोअरवाल्यांच्या सोयीचे, व्होल्ट भरपूर, पाणी बेताचं. कुणी म्हणतो, अँपचा स्वतःचा रोध हेडफोनच्या आठव्या हिश्शाहून कमी हवा. नियम चांगला आहे, पण तो मुख्यतः साध्या हेडफोनसाठी. त्यांचा रोध सुरागणिक बदलतो, खर्जात कुठे तरी एकदम वर चढतो, आणि अँपचा रोध जास्त असला की तिथला आवाज फुगतो. प्लेनरचा रोध खर्जापासून तार सप्तकापर्यंत जवळपास सारखाच. माझ्या नोकरीत असे एकच हेडमास्तर मी पाहिले. शिक्षणाधिकारी येवोत की गावगुंड, त्यांचा आवाज तोच. अशा माणसापुढे कुणाचाही रोध फारसा चालत नाही. थोडा आवाज कमी होतो, चाल बिघडत नाही.

शेवटी मन बसलं ते एका विचित्र अँपवर. त्याचं नाव ओटू. २०११ साली एका माणसाने तो तयार केला, त्याचा सगळा नकाशा, सुट्या भागांची यादी आणि मोजमापं जगापुढे उघडी ठेवली आणि सांगितलं, ज्याला हवा त्याने बनवावा. स्वतःचं खरं नाव मात्र सांगितलं नाही. महागड्या अँपवाल्यांशी भरपूर भांडला आणि २०१२ नंतर एकदम गप्प झाला. कोण होता, कुठे गेला, पत्ता नाही. आपल्याकडे आडरानातल्या विहिरीला कुणी तरी पायऱ्या बांधून जातो आणि शिळेवर नावही कोरत नाही, तसलंच हे. त्याची धार ३३ ओहमवर सहाशे मिलीवॅटच्या आसपास. माझ्या हिशेबाच्या बारापट. पण मला जिंकलं ते दुसऱ्याच गोष्टीने. आतमध्ये नऊ-नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. लाइन असली की त्या भरत राहतात, लाइन गेली की अँप त्यांच्यावर चालतो. हा निनावी माणूस घाटंजीत राहून गेलेला असावा अशी माझी खात्री झाली.

जावईबापूंनी सुटे भाग आणि पट्टी कुरिअरने पाठवली. भाऊंनी डाग दिले. आहुजात बूट पॉलिशच्या डबीएवढे ट्रान्झिस्टर पाहायची सवय असलेला माणूस, आठ पायांच्या त्या किड्यांकडे बघून दोन वेळा चष्मा पुसून आला. "इतकुसं मशीन," म्हणाले, "अन् याले म्हणे हाय-लो बी आहे." होतं खरं. समोर एक छोटं बटण. बाहेर असलं की आवाज अडीचपट, आत दाबलं की साडेसहापट. बटण बाहेरच ठेवा, हिशेबाने तेवढं पुष्कळ झालं, मी सांगितलं.

त्या रात्री हिशेब चुकला.

चुकला तो कूलरमुळे. विदर्भाबाहेरच्या वाचकांना कूलर म्हणजे काय ते नीट कळणार नाही. तो पत्र्याचा असतो, खिडकीत बसतो, त्याला तीन बाजूंनी ताट्या असतात, आत पंप पाणी टिपकवतो आणि मोठा पंखा ते सगळं वादळ खोलीत सोडतो. मार्चअखेर त्याला माळ्यावरून उतरवतात आणि मृग लागून दोन पाऊस झाल्याशिवाय कुणी त्याला हात लावत नाही. त्याच्या आवाजात आमची पिढी परीक्षेला बसली, संसाराला लागली. म्हणूनच तो मला ऐकू येत नव्हता. आणि प्लेनर हेडफोनला बाहेरून जाळी का असते, हे त्या रात्री कळलं. माझा हेडफोन उघड्या पाठीचा होता. आतलं गाणं बाहेर जातं, बाहेरचा कूलर आत येतो. मी वसंतरावांना वाढवत गेलो ते हेडफोनसाठी नव्हेच, कूलरच्या वर काढण्यासाठी. दहा डेसिबल चढवायचे तर वीज दहापट, कानाला ते वाटतात दुप्पट. जावयाच्या बंद पुणेरी खोलीत जे पन्नास मिलीवॅटमध्ये झालं असतं, त्याला घाटंजीच्या मे महिन्यात पाचशे लागत होते. अँपच्या जाहिरातीत ओहम देतात, डेसिबल देतात. कूलर कोणत्या मापाचा, हे कुणी विचारत नाही. मी बटण आत दाबलं.

पंधरा-वीस दिवस असेच गेले. कान दुखायचे, पण गाणं दिसायला लागलं होतं. एका रात्री तुकडोजी महाराजांचं एक जुनं ध्वनिमुद्रण लावलं होतं. मुद्रण घासलेलं, पण खंजिरी अशी की बोट कुठल्या कडेला पडलं ते सांगावं. ऐन रंगात आलं आणि लाइन गेली.

कूलर थांबला. गल्लीतले सगळेच कूलर थांबले. पंखे, फ्रिज, लांबच्या शेतातली मोटार, सगळं एका दमात बंद. आणि माझ्या डोक्यावरच्या दोन जाळीदार वाट्यांत महाराज अख्ख्या गावाला उद्देशून खंजिरी वाजवत होते. अँपला लाइन गेल्याचा पत्ताही नव्हता. मी दचकून गोल बटण उलटं फिरवलं. अजून उलटं. जवळजवळ शून्यावर आलं तेव्हा कुठे तो आवाज बैठकीतल्या माणसाएवढा झाला.

"बंद नका करू," अंधारातून सौ. म्हणाली.

"तुला ऐकू येतंय?"

"आत्ता येतंय. रोज हेच ऐकता होय?"

मी हेडफोन काढला. दोन्ही वाट्या उताण्या करून दोन खाटांच्या मध्ये तिपाईवर ठेवल्या. खंजिरी चालू होती, पण आता अगदी बारीक, भिंतीपलीकडची वाटावी अशी.

"थोडं वाढवा ना," ती म्हणाली.

मी अंधारात बटण चाचपलं. ते आत दाबलेलंच होतं. गोल बटण फिरवत, फिरवत, शेवटपर्यंत नेलं.