डागवैद्य

प्रत्येक सोसायटीत एक डागवैद्य असतो. तो बहुधा काका असतो, कारण फरशी पुसायचे काम आयुष्यात कधी वाट्याला न आल्यामुळे त्या विषयाच्या चिंतनाला त्याला भरपूर सवड मिळालेली असते. चहा सांडला, हळद पडली, मांजराने सोफ्याचा कोपरा पावन केला, की हा दारात हजर. "वहिनी, डाग कशाचा आहे?" ही त्याची नाडीपरीक्षा. उत्तर काहीही येवो, औषध ठरलेले: लिंबू, सोडा, व्हिनेगर, दुखणे हट्टी असेल तर तिन्ही. आक्षेप औषधांवर नाही. डाग कशाचा हे तो विचारतो, डाग कशावर पडलाय हे मात्र कधीच विचारत नाही. त्याची सगळी कीर्ती आणि त्याने केलेली सगळी नासधूस या एका न विचारलेल्या प्रश्नात आहे.

लिंबाचेच पाहा. बोअरच्या पाण्याने स्टीलच्या नळावर धरलेला पांढरा थर लिंबाने खरोखर निघतो, कारण तो थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि आम्ल त्याला विरघळवते. इथवर वैद्यबुवांचा विजय असो. पण शहाबादी फरशी, कोटा आणि संगमरवर हे दगडही मुळात त्याच कार्बोनेटचे. लिंबाला डाग कुठे संपतो आणि फरशी कुठे सुरू होते हे कळत नाही; वैद्यबुवांनाही नाही. डाग जातो, त्याच्या जागी दगडाची चकाकी गेलेला कायमचा पांढुरका ठिपका राहतो, आणि त्यावर लगेच दुसरा उपाय सुचवला जातो. सोड्यावर व्हिनेगर ओतले की फसफस होते, तेव्हा तर त्याचा चेहरा उजळतो. वास्तविक ती फसफस म्हणजे आम्ल आणि अल्कली यांनी एकमेकांना निकामी केल्याचा आवाज. मागे उरते जवळपास खारट पाणी. हळदीच्या डागाची कथा याहून बहारीची. साबण लागताच डाग लाल होतो, कारण हळदीतले कर्क्युमिन अल्कलीत रंग बदलते. मग लिंबू पिळले जाते, डाग पुन्हा पिवळा होतो, आणि हा म्हणतो, "बघा!" (पिवळा तर तो आधीही होता.) पुढे कपडा वाळत पडतो, ऊन हळूहळू रंग उडवते आणि फी वैद्य घेतो. वासाच्या बाबतीत तो सरळ मुत्सद्दी आहे: मांजरावर फिनेल, फिनेलवर उदबत्ती.

यावर कुणी म्हणेल, आजीचे उपाय काय खोटे होते? मुळीच नाही. रिठ्यात फेस करणारे सॅपोनिन असते, राखेतली अल्कली तेलकटपणा काढते, चिंचेचे आम्ल पितळेवरचा काळपटपणा उतरवते. पण आजी चिंच पितळेला लावत असे, फरशीला नव्हे. शिवाय तिची जमीन शेणाने सारवलेली. तिथे डागाचे आयुष्य पुढच्या सारवणापर्यंतच. आजीला भांडे माहीत होते, काकांना फक्त चिंच माहीत आहे. दुसरा बचाव असा, की सल्ला फुकट आहे, बिचाऱ्याला बोलू द्यावे. बोलू द्यावे की, चहाही द्यावा. फक्त "एकाने जात नाही तर दोन्ही एकत्र टाका" हे वाक्य आले, की कप काढून घ्यावा. संडासात ब्लिचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र पडले, तर क्लोरीन वायू सुटतो, आणि तो डागापेक्षा माणसाला आधी गाठतो. तेव्हा ती दोन एकत्र नकोत. आणि घरात शहाबादी असेल, तर वहिनी, लिंबू सरबतासाठी ठेवा. एक पेला काकांनाही द्या.