खुंटावरचे भैय्यासाहेब

राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकणारा पुतण्या सुट्टीत घरी आला आणि म्हणाला, "काका, यंदा चांगलं सायन मिळत नाहीये." मी म्हटलं, "दादरहून धीमी लोकल पकड." मग उलगडा झाला की याचा मुंबईच्या शीवशी संबंध नाही. कलम करताना चांगल्या जातीच्या झाडाची जी काडी घेतात, तिला इंग्रजीत सायन म्हणतात, आणि बड्या घराण्याच्या वारसालाही सायनच. हे ऐकताच मला आमचे भैय्यासाहेब दिसू लागले.

भैय्यासाहेब हा एक माणूस नव्हे, ती जात आहे. पारनेर तालुक्यात कुठल्याही फाट्यावर एसटीतून उतरा, समोर त्यांचा फ्लेक्स असतो. वर फेट्यातले आजोबा, मध्ये टोपीतले वडील आणि खाली पुरुषभर उंचीचे, गॉगल लावलेले 'युवा हृदयसम्राट'. पिढीगणिक डोक्यावरचं उतरत गेलं आणि डोळ्यांवर चढत गेलं. आजोबांनी दूध सोसायटी काढली, वडिलांनी पतसंस्था काढली, भैय्यासाहेब सेल्फी काढतात.

कामाचा उरक मात्र दांडगा. सकाळी दहावा, दुपारी लग्न, संध्याकाळी क्रिकेटचे सामने. दहाव्याला श्रद्धांजली वाहताना मयताचं नाव मागून एक कार्यकर्ता कानात सांगतो. पुढचं भाषण त्यांना पाठ आहे, कारण त्यात ते स्वतःच्या आजोबांविषयीच बोलतात.

आमचा तालुका अवर्षणाचा. इथे बोर तगतं, कारण रानबोरीचं सोटमूळ पाणी शोधत खोल जातं. 1990 साली रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली गेली, तेव्हा बोरीलाही बरे दिवस आले. उन्हाळा सरता सरता रानबोरीच्या खुंटावर उमराण नाहीतर कडाका जातीचा डोळा भरायचा, पट्टी गुंडाळायची आणि वाट पाहायची. उन्हातान्हात पाणी शोधायचं खुंटानं, बाजारात नाव होणार उमराणचं. खुंटाला स्वतःचा फुटवा आला की तो लगेच छाटायचा, नाहीतर भरलेला डोळा मरतो.

भैय्यासाहेबांच्या वाड्यावर हे शास्त्र कृषी विद्यापीठापेक्षा काटेकोर पाळतात. वीस वर्षं सतरंज्या उचलणारा, रात्री-अपरात्री पेशंटला नगरला नेणारा कार्यकर्ता हा खुंट. त्यानं एकदा "या वेळी पंचायत समितीला आमचं बघा की," म्हटलं की झाला फुटवा. दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो फ्लेक्सवरून छाटलेला असतो. एरवी खुंटाची कुणाला आठवण नसते. निवडणूक लागली की मात्र तोच खुंटा हलवून बळकट करतात. भैय्यासाहेबांचा डोळा या सगळ्यात शाबूत राहतो. तो खुर्चीवर असतो.

सेनापती बापटांचा जन्म 1880 सालचा, याच पारनेरचा. 'सेनापती' ही पदवी काही त्यांना वाडवडिलांकडून आलेली नव्हती, ती मुळशीच्या सत्याग्रहात कमावलेली. पुढे हा सेनापती हातात झाडू घेऊन रस्ते झाडत असे. जयंतीला भैय्यासाहेब त्यांना हार घालतात आणि फोटोपुरता झाडूही धरतात. बाकी तालुक्यात बांधावरून भाऊभाऊ कोर्टात जातात, पण त्या झाडूवर आजवर कुणी वारस म्हणून नाव लावायला आलेलं नाही.

परवा भैय्यासाहेबांचा वाढदिवस झाला. तलवारीनं केक कापला आणि मग शाळेच्या मैदानात वृक्षारोपण. रोप घेऊन रोपवाटिकेचे म्हातारे मामा आले होते. खड्डा कार्यकर्त्यांनी आदल्या दिवशीच खणलेला. भैय्यासाहेबांनी रोपाला दोन बोटं लावली, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं,

"मामा, बोरं कधी लागणार?"

"कलमाला दोन-तीन वर्षांत लागतील. बीवरच्या झाडाचा नेम नाही. वेळ जातो, आणि उमराणच्या आठळीतून उमराणच निघेल असंही नसतं. मूळ झाड कितीका गोड असेना, बीवरचं आंबट-तुरटही निघतं."

"मग हे कलमच आहे ना?"

मामांनी रोपाकडे पाहिलं. मग फ्लेक्सवरच्या वडिलांकडे पाहिलं.

"झाड कलमाचं आहे, भैय्यासाहेब."