बिऱ्हाड सोलापुरी, मुक्काम नळदुर्गी

नळदुर्गहून सोलापुरात बिऱ्हाड हलवणाऱ्या गृहस्थाचे वर्णन करू जाता पहिली अडचण अशी उभी राहते की, तो खरोखर हलला आहे की नाही, याचाच निकाल लागत नाही. त्याची शेगडी, कपाट, मुलांची दप्तरे आणि पत्नी सोलापुरात येऊन स्थिरावलेली असतात. परंतु रेशनकार्ड, मतदारयादीतले नाव, सातबारा, न्हावी आणि शनिवार-रविवार धरून तो स्वतः, यांचा पत्ता मात्र नळदुर्गचाच राहतो. बिऱ्हाडकरू म्हणजे एरवी भाड्याच्या जागेत संसार थाटणारा माणूस. येथे मात्र ज्याने संसार एका गावी मांडला आणि चित्त दुसऱ्या गावच्या बसस्थानकावर ठेवले, अशा विशिष्ट प्रवर्गासाठी ही संज्ञा वापरली आहे. हा प्रवर्ग बहुधा चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे आढळतो, पतसंस्थेत, शाळेत किंवा खत-बियाण्यांच्या दुकानात रमलेला असतो, आणि गाव सोडण्याचे कारण विचारले असता ‘पोरांच्या शिक्षणासाठी’ हे दोन शब्द इतक्या सराईतपणे उच्चारतो की, पुढचा प्रश्न विचारण्याची कोणाची प्राज्ञा होत नाही.

शहराची निवड तो फार काटेकोरपणे करतो, आणि तिचा निकष एकच असतो, तो म्हणजे वाहतुकीची सोय. पुण्याला 2022 पासून मेट्रो आहे, नागपूरला तर 2019 पासूनच आहे, नाशिकला महापालिकेची सिटीलिंक बससेवा 2021 मध्ये सुरू झाली, हे सारे त्याला वर्तमानपत्रामुळे पाठ असते आणि त्याबद्दल त्याच्या मनात आदरही असतो. पण या तिन्ही शहरांतून शनिवारी दुपारी निघून दिवेलागणीला नळदुर्गात पोहोचता येत नाही, हा दोष त्याच्या लेखी कोणत्याही मेट्रोने भरून निघत नाही. लातूरचा विचार तो काही काळ करतो, परंतु 2016 च्या उन्हाळ्यात तेथे मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, ही आठवण घरातील स्त्रियांना असते आणि ज्या शहराची रेल्वेसेवा पाण्याच्या कामी आली त्या शहरात घागरी घेऊन जाण्यास त्या नकार देतात. उरते ते सोलापूर. 2011 च्या जनगणनेनुसार साडेनऊ लाख वस्तीचे, समुद्रापासून दूर, ना फार मोठे ना अगदी लहान असे हे शहर नळदुर्गपासून जेमतेम पन्नासेक किलोमीटरांवर, त्याच हैदराबाद हमरस्त्यावर आहे. तेथेही नळाला रोज पाणी येत नाही आणि दोन पाळ्यांच्या मधले दिवस बोटांवर मोजावे लागतात, ही गोष्ट बिऱ्हाड हलल्यावरच उघड होते. तोवर घरमालकाला अनामत रक्कम दिलेली असते.

या दोन गावांचे वाहतुकीच्या बाबतीत जमलेले नाही, याला इतिहासाचा आधार आहे. 1853 मध्ये निजामाने नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला, तेव्हा मेडोज टेलर हा अधिकारी तेथे कारभारासाठी आला आणि काही वर्षे रमला. पण 1860 च्या तहाने तो मुलूख निजामाला परत मिळाला. नेमक्या त्याच 1860 साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी मुंबईकडून सोलापुरात येऊन पोहोचली. म्हणजे एकाच वर्षी सोलापूरला रेल्वे मिळाली आणि नळदुर्गला निजाम मिळाला, आणि निजाम जाऊन तीन पिढ्या झाल्या तरी नळदुर्गला रेल्वे काही अद्याप आलेली नाही. पुढे जिल्ह्याचे ठाणेही नळदुर्गहून उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, हलवले गेले, तेव्हा बिऱ्हाड हलवण्याची परंपरा गावाला सरकारनेच घालून दिली, असे म्हणण्यास जागा आहे. सप्टेंबर 1948 मधल्या पोलीस कारवाईत भारतीय फौजा सोलापूरहून निघाल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांनी नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेतला. बिऱ्हाडकरू हाच रस्ता उलट दिशेने चालून जातो. मात्र त्याला सोलापूर ताब्यात घ्यायला फौजेपेक्षा पुष्कळच अधिक काळ लागतो.

घर शोधण्याची त्याची रीत पाहण्यासारखी असते. हितचिंतक त्याला विजापूर रस्ता आणि जुळे सोलापूर सुचवतात. वस्ती चांगली, रस्ते रुंद, शाळा जवळ. तो जागा पाहतो, भिंतीवर टिचकी मारतो, मोरीचा उतार तपासतो, आणि मग गच्चीवर जाऊन ‘हैदराबाद रोड कुठल्या अंगाला?’ असे विचारतो. तो अगदी विरुद्ध अंगाला असल्याचे कळताच त्याला त्या घरात एकाएकी ओल दिसू लागते. सरतेशेवटी तो मार्केट यार्डाच्या आसपास कोठेतरी, दिवसरात्र मालमोटारींचे भोंगे ऐकू येतील अशी जागा घेतो आणि ‘एकदम सेंटरला आहे’ असे सर्वांना सांगतो. येथे सेंटर म्हणजे जेथून नळदुर्गच्या गाडीला हात करता येतो ते स्थळ, एवढाच अर्थ घ्यावयाचा असतो.

नव्या शहराच्या सार्वजनिक वाहतुकीचे त्याचे ज्ञान थक्क करणारे, परंतु एकमार्गी असते. महापालिकेची सिटी बस कोणत्या रस्त्याने जाते, हे त्याला वर्ष उलटले तरी सांगता येत नाही, आणि ‘सीट’वर, म्हणजे माणशी ठरलेले भाडे घेऊन अनोळखी प्रवाशांना मांडीला मांडी लावून नेणाऱ्या शेअर रिक्षात, तो अजूनही चालकाच्या शेजारचा अर्धा बूड टेकण्यापुरता कोपरा निवडतो, कारण आत बसले तर उतरायचे ठिकाण निघून जाईल अशी धास्ती असते. एसटीच्या बाबतीत मात्र तो अधिकारी पुरुष आहे. उमरग्याची गाडी, बसवकल्याणची गाडी, हैदराबादची गाडी, यांपैकी कोणती अणदूरला थांबते, कोणत्या गाडीचा वाहक सुट्ट्या पैशांवरून घालून पाडून बोलतो आणि कोणत्या गाडीची मागची काच पावसात गळते, हे तो वेळापत्रकाकडे न पाहता सांगतो. शनिवारी स्थानकावर त्याचे कसब पाहावे. गाडी फलाटावर लागण्याआधी, ती वळण घेत असतानाच, उघड्या खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी किंवा प्रसंगी लहान मूल आत सोडून जागा धरण्याच्या पद्धतीस ‘रुमाल टाकणे’ म्हणतात. या हक्काला कोणत्याही कायद्याचा आधार नाही, तरी तो सातबाऱ्यावरच्या नोंदीइतका पक्का मानला जातो. बिऱ्हाडकरू चालत्या गाडीच्या तिसऱ्या खिडकीतून रुमाल असा सोडतो की, तो बरोबर दोघांच्या बाकाच्या मध्यावर पसरतो, आणि मग दाराशी चाललेल्या रेटारेटीत अजिबात न पडता सर्वांच्या शेवटी, एखाद्या पाहुण्यासारखा सावकाश चढतो. जागेवर कोणी बसलेला असलाच, तर बिऱ्हाडकरू केवळ रुमालाकडे पाहतो. बसलेला मनुष्य उठतो, कारण तोही बहुधा जळकोट किंवा येणेगूरचा बिऱ्हाडकरूच असतो.

या दुहेरी वास्तव्याबद्दल त्याला छेडले असता तो देवाचा दाखला देतो, आणि तो दाखला खोडून काढणे खरोखरच कठीण आहे. नळदुर्गचा खंडोबा, ज्याच्या स्थानाला मैलारपूर म्हणतात, हा स्वतः दोन गावांचा रहिवासी आहे. वर्षातले सव्वादहा महिने देव शेजारच्या अणदूर गावी असतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गास. चंपाषष्ठीनंतर मूर्ती नळदुर्गास येते, पौष पौर्णिमेची मोठी यात्रा तेथे भरते, आणि पुढे ती अणदूरला परत जाते. ही ने-आण विश्वासावर चालत नाही. देव हवाली करताना दोन्ही गावांच्या मानकऱ्यांत दर वेळी लेखी करार होतो आणि देव केव्हा परत पाठवायचा, ते त्यात नमूद केलेले असते. शहरातील घरमालक ज्याला ‘अकरा महिन्यांचा करार’ म्हणतात, त्याची मुदत सोयीसाठी बारा महिन्यांच्या आत ठेवलेली असते, हे ध्यानात घेतले, तर मल्हारीमार्तंडाने ही सोय फार आधीच ओळखली होती असे मानावे लागते. फरक इतकाच की, देवाचा करार लेखी असल्यामुळे अणदूरकर आणि नळदुर्गकर दोघेही निश्चिंत असतात. बिऱ्हाडकरूने मात्र पत्नीशी केलेला करार तोंडी असतो आणि त्यातल्या ‘महिन्यातून एकदा’ या कलमाचा अर्थ उभय पक्ष वेगवेगळा लावतात.

जानेवारीत त्याची परीक्षा होते. संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वराची यात्रा भरते, नंदीध्वजांची मिरवणूक निघते आणि ‘गड्डा’ म्हणजे यात्रेचा बाजार आठवडेच्या आठवडे गाजतो. त्या निमित्ताने, ‘आता काय, सोलापुरात आपलंच घर आहे’ असे म्हणत नळदुर्गचे चुलते, मावसभाऊ आणि शेजारी पोराबाळांसह त्याच्या दोन खोल्यांत उतरतात, पाळण्यात बसतात आणि कढईभर शेंगाचटणी संपवतात. परंतु पौष पौर्णिमाही याच सुमारास येत असल्याने बिऱ्हाडकरू स्वतः खंडोबाच्या यात्रेसाठी नळदुर्गास गेलेला असतो. परिणामी सोलापुरातील त्याच्या घरात त्या दिवसांत त्याच्याखेरीज सबंध नळदुर्ग हजर असते, आणि नळदुर्गच्या वाड्यात एकटा बसून तो, गावात हल्ली माणूस उरला नाही, अशी हळहळ व्यक्त करतो.

पावसाळ्यात चित्र पालटते आणि त्याला प्रतिष्ठा लाभते. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळी, 1613 मध्ये, किल्ल्यात बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल उभारण्यात आला. नदी भरून वाहू लागली की बांधाच्या सांडव्यांवरून नर आणि मादी या नावांचे दोन धबधबे कोसळतात आणि महालात उभ्या माणसाला समोर पाण्याचा पडदा दिसतो, अंग मात्र कोरडे राहते. ऑगस्टच्या एखाद्या रविवारी सोलापूरकर झुंडीने हा देखावा पाहायला निघतात. एरवी त्याला नावानिशी न ओळखणारे अपार्टमेंटमधले शेजारी त्या आठवड्यात जिन्यात थांबून ‘नर-मादी सुरू झाला का हो?’ असे विचारतात, आणि बिऱ्हाडकरू, धरण आपणच भरले आहे अशा स्वरात, ‘सांगतो, फोन करून विचारतो’ असे उत्तर देतो. चारशे वर्षांपूर्वीच्या बांधकामाचे श्रेय एवढ्या सहजतेने घेणारा दुसरा नागरिक सोलापुरात नाही.

खरे स्थलांतर घरातल्या इतर मंडळींचेच होते, ही गोष्ट बिऱ्हाडकरूच्या उशिरा लक्षात येते. धाकटा मुलगा पहिल्याच आठवड्यात वाक्याच्या शेवटी सोलापुरी ‘बे’ लावू लागतो आणि गावाकडचा पाहुणा ‘काय करलालाव?’ म्हणाला की हसतो. पत्नीला भाजी कोठे स्वस्त, कडक भाकरी कोणाकडची चांगली आणि पाणी येण्याच्या दिवशी नळ किती वाजता सुटतो, हे सारे दोन महिन्यांत मुखोद्गत होते. शेजारच्या तेलुगू आणि कानडी बायकांशी तिची अशी काही भाषा जमते, जी कोणत्याच व्याकरणात बसत नाही पण वाटीभर साखर आणण्यास पुरते. राज्य परिवहनाने मार्च 2023 पासून स्त्रियांना अर्धे तिकीट केले, तेव्हा आता ही दर शनिवारी बरोबर येईल, असा हिशेब बिऱ्हाडकरूने मनाशी केला होता. प्रत्यक्षात ज्या व्यक्तीला अर्धे तिकीट पडते ती सोलापुरातच राहते आणि ज्याला पूर्ण पडते तो जात राहतो. सवलतींचा अभ्यास करणाऱ्यांनी या बाबीची नोंद घेतल्याचे आढळत नाही.

या सर्व व्यवस्थेचा सर्वांत डोळस लाभार्थी मात्र निराळाच आहे, आणि तो कधीही हललेला नाही. बिऱ्हाडकरूच्या वडिलांना, म्हणजे आबांना, ‘तुम्हीही सोलापुरास चला’ असा आग्रह झाला तेव्हा त्यांनी म्हैस पुढे केली. ऑगस्ट 2022 मध्ये ‘अमृत ज्येष्ठ नागरिक’ योजना आली आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट झाला, तेव्हापासून आबा आठवड्यातून तीनदा सकाळची धार काढून, शेपूची जुडी आणि ताकाची कॅन घेऊन सोलापुरात येतात, सुनेच्या हातचे जेवतात, नातवाला शाळेतून आणतात आणि दुपारच्या गाडीने संध्याकाळच्या धारेला परत पोहोचतात. स्थानकात आधी कर्नाटकाची गाडी लागली, तर तिच्यात चढण्याची घाई ते करत नाहीत, कारण महाराष्ट्राची सवलत तिच्यात चालत नाही; लाल गाडी येईपर्यंत ते बाकावर बसून आल्यागेल्याला सोलापूर कसे वाढले ते समजावून सांगतात. रात्री मुक्कामाला राहण्याचा विषय निघाला की, ‘राहून काय करू? गाडी आहे की,’ एवढेच त्यांचे म्हणणे असते. वाहक त्यांना दर खेपेस शून्य रुपयांचे तिकीट फाडून देतो. ती सारी तिकिटे आबांनी रबर लावून ट्रंकेत जपून ठेवली आहेत, कारण सरकारचा भरवसा नाही, उद्या हिशेब मागितला तर दाखवायला काही तरी हवे.