पॅलेटला अनडू द्या

ब्रशचा फटकारा चुकला तर कंट्रोल-झेड आहे. पॅलेटमधला रंग चुकून बदलला तर? जिम्पच्या पॅलेट एडिटरमध्ये त्याला उतारा नाही. कंट्रोल-झेड दाबा, पॅलेट ढिम्म. मागे जातं ते चित्र. १९९५ साली बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं आणि स्वयंसेवकांनी वाढवलेलं हे सॉफ्टवेअर मला मनापासून आवडतं. म्हणूनच त्यातली पॅलेटची आबाळ बघवत नाही.

आबाळ एकट्या जिम्पमध्ये नाही. फोटो आणि चित्रांच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये पॅलेटमधून रंग उचलला की त्याचा पॅलेटशी संबंध संपला. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ घ्या. शेंदरी रंग शीर्षकात आहे, पणतीच्या ज्योतीत आहे, साडीच्या काठात आहे. संपादक म्हणतात, "जरा विटकरीकडे न्या." पॅलेटमधली चौकट बदलून काहीही होत नाही. एकेक जागा शोधा, बकेटने रंग ओता, आणि कडेला उरलेली जुन्या शेंदरीची बारीक रेघ झूम करून पुसत बसा. छपाईला फाइल जायची असते त्या रात्री हे काम माणसाचा जीव काढतं.

हे जमण्यासारखं नाही, असं कुणी सांगू नये. १९८७ च्या जिफमध्ये प्रत्येक पिक्सेल रंगाचा फक्त क्रमांक धरून असतो, रंग वेगळ्या तक्त्यात. तक्त्यात बदल केला की चित्रभर बदल. जिम्पच्या इंडेक्स्ड मोडमध्ये आजही हे चालतं. पण रंग जास्तीत जास्त २५६, आणि मऊ कडा, अर्धपारदर्शक छटा यांवर पाणी सोडायचं. इलस्ट्रेटरमध्ये ग्लोबल स्वॉच बदला, त्या रंगाचे सगळे आकार फिक्या छटांसकट बदलतात. मग निदान अक्षरांच्या आणि सपाट रंगाच्या लेयरना पॅलेटशी बांधून ठेवायला काय हरकत आहे?

उजेडाचंही तेच. रंग मोजण्याच्या एचएसव्ही पद्धतीच्या हिशेबात भडक पिवळा आणि भडक निळा यांची व्हॅल्यू सारखीच, १००. डोळ्याला पिवळा लखलखीत दिसतो, निळा गडद. व्हॅल्यूवर विसंबून रंगांचा संच केला की काळी अक्षरं पिवळ्यावर ठसठशीत उठतात आणि निळ्यात बुडतात. ब्योर्न ओटोसन यांनी २०२० मध्ये मांडलेल्या ओकेलॅब या रंगपद्धतीत डोळ्याला जाणवणारा उजेड पुष्कळ नीट मोजता येतो. पॅलेटमधल्या चार-पाच चौकटी एकदम निवडाव्यात आणि त्यांचा उजेड एका पट्टीवर आणता यावा, एवढी सोय द्या. आज एकेक चौकट उघडून आकडे भरावे लागतात.

आणि नावं. जिम्पची जीपीएल फाइल म्हणजे साधा मजकूर: ओळीत लाल, हिरवा, निळा यांचे तीन आकडे आणि पुढे नाव. इंकस्केप आणि क्रिटालाही ती वाचता येते, ही फार मोठी सोय आहे. पण नाव दिलं नाही तर ओळीमागून ओळ 'अनटायटल्ड'. रंग जोडतानाच नाव विचारा. शेजारी त्याचं काम लिहायला जागा द्या: मथळा, पार्श्वभूमी, चौकट. मग अर्धं मुखपृष्ठ दुसऱ्याच्या हाती सोपवताना कोणता शेंदरी कुठे वापरायचा, हे फोनवर समजावत बसावं लागणार नाही.