मिकीचे यजमान

सिडकोच्या एन-7 किंवा एन-9 मध्ये एखाद्या रो-हाऊसच्या भिंतीवरून मिकी माऊसचा भलामोठा कान शेजाऱ्याच्या हद्दीत गेलेला दिसला, की समजावं, आत पहिला वाढदिवस आहे आणि मुलाचे वडील वाळूजच्या कारखान्यात क्वालिटीत आहेत.

या यजमानांनी महिनाभर आधीच जाहीर केलेलं असतं, की बीड बायपासच्या लॉनवर पैसे उधळायचे नाहीत. कार्यक्रम घरीच, मागच्या अंगणात, पण लॉनवाल्यांनी येऊन बघावा असा. मग मिकी माऊस आलाच. कर्णपुऱ्याच्या यात्रेत तिकीट काढून पोरं ज्यावर उड्या मारतात, तोच. फक्त इथं दिवसभराच्या भाड्यानं आणि घरपोच.

"अहो, आपला अजून धड उभा राहत नाही. उड्या कोण मारणार?" बायको विचारते.

"पाहुण्यांची पोरं मारतील ना!"

पाहुणे म्हणजे जालन्याचे साडू. त्यांनी मागच्या वर्षी मुलीच्या वाढदिवसाला जादूगार आणला होता. तेव्हापासून यजमान झोपेत कबुतरं हाकलत असतात.

अंगणाची रुंदी 11 फूट. त्यात पाण्याचा हौद, मोटर, कपड्यांची दोरी आणि कढीपत्त्याचं झाड. मिकी 15 फुटी. टेप घेऊन तीनतीनदा मोजलं तरी अंगण वाढत नाही, तेव्हा यजमान तोडगा काढतात, "तिरका लावू." शेजारच्या काकूंकडून कानापुरती तोंडी परवानगी मिळते. यजमानांना ती लेखी हवी होती. त्यांना सगळंच लेखी हवं असतं.

मिकीवाल्याशी त्यांची बोलणी ऐकण्यासारखी असतात. पीव्हीसी किती जाडीचं? शिलाई दुहेरी आहे का? शेवटचं इन्स्पेक्शन कधी झालं? मिकीवाला गुटखा थुंकून शांतपणे सांगतो, "साब, टेन्शन नक्को लेव. इसपे दूल्हा भी कूदा है." यजमान हेही वहीत लिहून घेतात. अखेर एका बँडवाल्याच्या कार्डामागे पावती मिळते : मिकी 1, पंखा 1, दोर 4.

वाढदिवसाच्या दिवशी मिकी फुगायला लागला, की यजमानही फुगतात. जमलेल्यांना समजावून सांगतात, की यातली हवा शिलाईतून सारखी निघत असते, तशी ती निघायलाच हवी, म्हणून ब्लोअर क्षणभरही बंद ठेवायचा नाही. एक एचपी म्हणजे 746 वॅट. मग ते अमेरिकेत शिरतात. 1950 च्या दशकाच्या शेवटी लुइझियानातला जॉन स्करलॉक नावाचा इंजिनिअर टेनिस कोर्टावर टाकायला हवेचं आच्छादन करत होता. त्याच्या लक्षात आलं, की कामगार त्यावर उड्याच मारताहेत. झालं, खेळणं सापडलं! गोष्ट खरी आहे. पण कामाच्या वेळेत उड्या मारणाऱ्या त्या कामगारांना मेमो दिला गेला की नाही, हा प्रश्न यजमानांना अजून छळतो.

गळ्यात शिट्टी. वयाप्रमाणे शिफ्ट. पहिली शिफ्ट चार ते सहा वर्षं, दुसरी सात ते दहा. चपला बाहेर, पिना-क्लिपा बाहेर, इमरती संपवूनच आत. साडूंचा पोरगा तिन्ही शिफ्टमध्ये घुसतो (तिसरी त्याच्यासाठीच काढावी लागते). उत्सवमूर्तीला मिकीवर फोटोपुरतं टेकवलं जातं. तो भोकाड पसरतो आणि आत्याच्या खांद्यावर झोपी जातो.

केक कापायच्या बेतात गल्लीतून आरोळी येते, "नळ आला!"

बाहेरच्या माणसाला यातलं गांभीर्य कळणार नाही. जायकवाडीचा नाथसागर पन्नासेक किलोमीटरवर भरलेला असला, तरी घरच्या नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं. अर्ध्या बायका ताटं ठेवून घराकडे पळतात. गल्लीतल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात, ट्यूबलाइट मिचमिचते, पंख्याचा आवाज बसतो आणि मिकी हळूच मान टाकतो.

इथं मात्र माणसाला मानावं लागतं. साडू मोबाइलवर व्हिडिओ काढत असताना यजमान शिट्टी फुंकत आत घुसतात, एकेक पोर बाहेर देतात, आकडा मोजतात, पुन्हा मोजतात. सगळी बाहेर. मग कुणाच्या मोटरीनं व्होल्टेज खाल्लं, याचा शोध सुरू होतो. सगळ्यात मोठी मोटर घरच्याच हौदावर घरघरत असते.

"आई, मोटर कशाला लावली? पोरं खेळायलेत ना इथं!"

"वाढदिवस पुढच्या वर्षी येतोय बाबा. नळाचं काय सांगावं?"

यावर वाळूजच्या कुठल्याही मॅन्युअलमध्ये उत्तर नाही. तासभर मिकी कढीपत्त्यावर रेलून पडून राहतो. पोरं त्याच्या नाकावर बसून वेफर्स खातात आणि त्यातच त्यांना जास्त मजा येते.

रात्री मिकीवाला छोटा हत्ती घेऊन येतो. कानाला चिकटलेल्या इमरतीच्या पाकाचे धुलाईचे पैसे तो डिपॉझिटमधून कापू बघतो. यजमान वही उघडतात. 55 मिनिटं मिकी बंद होता, तेवढं भाडं आधी वजा करा.

"साब, पानी आया उसमें मेरी क्या गलती? वो पैसा नलवाले से लेव."

यजमान पेन पुढं करतात. "हे लेखी द्या."