गोखले पुलाचं गुणोत्तर

शिष्यवृत्ती परीक्षेतला गवळी अजूनही दुधात पाणी घालतो. प्रमाण 3 : 1, मग आणखी चार लिटर पाणी, आता नवं गुणोत्तर सांगा. शेजारचा दुकानदार छापील किमतीवर शेकडा 10 सूट देतो आणि तरी शेकडा 20 नफा खातो. पहिल्या पेपरात असे-तसे 75 प्रश्न, वेळ 90 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद. एवढ्या वेळात अंधेरीत रिक्षावाला नुसतं ‘नाही’ म्हणतो.

या गणितांची खरी मेख एकच असते: शेकडा कशावर? नफा खरेदीवर, सूट छापील किमतीवर. लिंक रोडच्या मॉलमध्ये ‘50 टक्के + 20 टक्के सूट’ अशी पाटी दिसली की अख्खं कुटुंब 70 टक्के धरून आत शिरतं. हजाराचा शर्ट चारशेला पडतो, तीनशेला नाही. घर घेतानाही तेच. हजार फुटांचा फ्लॅट, लोडिंग 40 टक्के, तर कार्पेट किती? बुकिंगच्या आधी एजंट 714 फूट सांगतो, कारण तेव्हा 40 टक्के कार्पेटवर चढवलेले असतात. ताबा घेताना 600 भरतात, कारण मधल्या काळात तेच 40 टक्के हजारातून वजा झालेले असतात. रेरा 2017 पासून करारात कार्पेटच लिहायला लावतो. एजंटबरोबरच्या कटिंग चहाला मात्र रेरा लागू नाही.

पण ही सगळी किरकोळ गणितं. पूर्ण गुणांचा प्रश्न काढला तो अंधेरीत रेल्वे रुळांवर असलेल्या गोखले पुलानं. 3 जुलै 2018 ला त्याचा पादपथ रुळांवर कोसळला आणि दोघांचा जीव गेला. त्यात हसण्यासारखं काही नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये पूल बंद झाला. मग अंधेरीकरांना टक्केवारीचा एक नवा नियम कळला: नव्या पुलाचं काम 90 टक्के झालं, तर त्यावरून 90 टक्के गाड्या जात नाहीत, शून्य जातात.

26 फेब्रुवारी 2024 ला एक बाजू उघडली. तेव्हा दिसलं ते असं, की नवा गोखले पूल वर आणि त्याला जोडायचा बर्फीवाला उड्डाणपूल खाली. मधे चांगली माणूसभर उंचीची फट. पालिकेनं रेल्वेच्या नियमाकडे बोट दाखवलं: रुळांवरची उंची वाढवावी लागली. बरं, वाढली. पण पलीकडे आपलाच पूल उभा आहे, हे कागदावर कोणालाच दिसू नये? पाचवीतला पोरगा उत्तर लिहिण्याआधी निदान एककं जुळवून बघतो.

शेवटी व्हीजेटीआयच्या तज्ज्ञांना विचारून, खाली जॅक लावून बर्फीवाला पूलच उचलला. एका बाजूला 1,397 मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला 650. घ्या पेन्सिल आणि 650 : 1397 ला संक्षिप्त रूप द्या. देता येत नाही. एक सोडला तर दोघांत सामाईक अवयवच नाही. एकाच कामावरच्या दोन खात्यांचं इतकं अचूक चित्र कोणत्याही चौकशी समितीला काढता आलं नसतं.

4 जुलै 2024 ला, म्हणजे 129 दिवसांनी, दोन पूल भेटले. गोखले पूल पूर्ण उघडायला मे 2025 उजाडला.

तेव्हा पुण्याच्या राज्य परीक्षा परिषदेला विनंती, त्या गवळ्याला आता निवृत्त करा आणि हा प्रश्न घाला: ‘दोन पुलांमधल्या फटीला जबाबदार कोण?’ पर्याय: पालिका, रेल्वे, गवळी, दुकानदार. शिष्यवृत्तीच्या पेपरात काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असतातच, ही सोय आधीपासून आहे. विद्यार्थ्यांनो, पहिली दोन्ही वर्तुळं रंगवा. एकच रंगवलंत तर गुण मिळत नाहीत.